जपायचं ते जुलैत!

बर्फ सोसेल ते झाड चिवट, ही परदेशी पुस्तकांची व्याख्या आपल्या हैदराबादला उपयोगाची नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, पण गच्चीवरचे सक्युलंट मरतात ते जुलैत, कुंडीत पाणी तुंबून. म्हणून मला दख्खनच्या माळावरचीच झाडं आवडतात. कोळकांदा ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना फुलतो. (कांदा विषारी, मुलांपासून लांब ठेवा.) शिंगांसारख्या हिरव्या कांड्यांच्या माकडशिंगाला निम्मी खडी घातलेली माती पुरते. फक्त खडकांवरून उपटून आणू नका. इथले 250 कोटी वर्षांचे ग्रॅनाइटचे खडक बांधकामांपायी आधीच फुटताहेत. ओळखीत कुणाकडे असेल तर एक कांडी मागा, चार दिवस सावलीत सुकवा, मग लावा. पाणी लगेच नको.