तक्तपोशी

तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्या एकमेकींना जोडून केलेले आच्छादन. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे : खोलीच्या माथ्याला ठोकलेले फळ्यांचे छत आणि माडीची किंवा माळ्याची लाकडी जमीन. जुन्या घरांत बहुधा एकच फळी ही दोन्ही कामे करते. खालून पाहणाऱ्यास ती छत असते, वर चालणाऱ्यास जमीन. प्रस्तुत लेखात लाकडी जमीन या अर्थाने तक्तपोशीची रचना, सफाई आणि निगा यांचा विचार केला आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे वेदगंगेकाठचे गारगोटी व उर्वरित भुदरगड तालुका, राधानगरी, आजरा, चंदगड येथे कौलारू छपराची, मातीच्या भिंतींची आणि लाकडी माळ्याची घरे अद्याप आढळतात. सह्याद्रीलगतच्या या पट्ट्यात पावसाळा दीर्घ व दमट असल्याने लाकडी जमिनीची निगा हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. तो घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

नाव व रचना

‘तख्त’ (फळी) व ‘पोश’ (आच्छादन) या फारसी शब्दांपासून तक्तपोशी हा शब्द आला आहे. त्याला जवळचा देशी शब्द ‘कडीपाट’ होय. भिंती अथवा खांब यांवर तुळई, तुळईवर ठरावीक अंतराने आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट किंवा फळ्या असा हा क्रम असतो. भार फळीकडून कडीकडे, कडीकडून तुळईकडे आणि तेथून खांबाकडे किंवा भिंतीकडे जातो. या साखळीतील एक दुवा कुजला तरी वरची जमीन वरवर धडधाकट दिसत राहते. निगेची मुख्य अडचण याच गोष्टीत आहे.

जमीन दोन प्रकारे पूर्ण केली जाई. पहिल्या प्रकारात फळ्या उघड्याच ठेवत. दुसऱ्यात फळ्यांवर मातीचा थर घालून तो चोपत आणि शेणाने सारवत. मातीच्या थरामुळे पावलांचा आवाज व उष्णता कमी होते, परंतु वजन वाढते आणि सारवणाची ओल खालच्या फळीपर्यंत पोचू शकते. म्हणून अशा माडीवर सारवण पातळ हाताने व कोरड्या हवेत करणे हिताचे असते.

वापरले जाणारे लाकूड

साग (टेक्टोना ग्रँडिस) हे सर्वांत मान्यताप्राप्त लाकूड आहे. त्यातील नैसर्गिक तैलद्रव्यांमुळे ते वाळवीस व कुजण्यास चांगला प्रतिकार करते. तथापि हा गुण गाभ्याच्या लाकडाचा, म्हणजे अंतःकाष्ठाचा आहे. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ सागाचे असले तरी कीड त्याला लागते. सागाखेरीज ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, नाना, हेद ही लाकडेही सह्याद्रीच्या परिसरात घरबांधणीस वापरली गेली आहेत. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, परंतु कीड व ओल यांपुढे ते फार टिकत नाही.

लाकूड आणि ओल

लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. ते घेताना फळी रुंदीत फुगते, सोडताना आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदल होत नाही. सागाची २० सेंटिमीटर रुंदीची फळी कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत सुमारे दोन मिलिमीटरने फुगू शकते. अशा दहा फळ्या शेजारी शेजारी असल्यास एकूण फरक दोन सेंटिमीटरच्या घरात जातो.

यातून दोन नियम निघतात. पहिला, एप्रिल-मे महिन्यांत फळ्यांमध्ये दिसणाऱ्या फटी हा दोष नव्हे. त्या लांबीने किंवा सिमेंटने घट्ट भरल्या तर जुलैमध्ये फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि जमीन मध्येच उचलली जाते. दुसरा, भिंतीलगत थोडी मोकळी जागा राखणे आवश्यक असते.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस हवा, ऊब आणि पाणी तिन्ही लागतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून ओल येऊ न देणे हाच लाकूड टिकविण्याचा मुख्य उपाय होय. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, फुटकी कौले बदलणे आणि वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर नेणे ही कामे छपराची असली, तरी त्यांचा पहिला लाभ माडीच्या जमिनीस होतो.

दैनंदिन निगा

* झाडणे : मऊ केरसुणीने, फळीच्या रेषांच्या दिशेने झाडावे. पायांबरोबर येणारी वाळू लाकडापेक्षा पुष्कळ कठीण असते व काचपेपरासारखी पृष्ठभाग खरवडते. जिन्याच्या तळाशी पायपुसणे ठेवणे आणि पादत्राणे खाली काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.
* पुसणे : फडके घट्ट पिळून घ्यावे. पुसल्यावर दोन-तीन मिनिटांत जमीन कोरडी न झाल्यास फडक्यात पाणी अधिक होते असे समजावे. लाकडी जमिनीवर बादलीने पाणी ओतून ती धुऊ नये. पावसाळ्यात ओले पुसणे शक्य तितके कमी करावे.
* टाळावयाचे पदार्थ : धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर, आम्ल आणि वाफेवर चालणारी पुसणी ही लाकडास व त्यावरील पॉलिशास अपायकारक आहेत. जमीन फारच मळकट असल्यास पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब पुरतात; त्यानंतर साध्या पिळलेल्या फडक्याने पुन्हा पुसावे.
* सामान : खाट, कपाट, शिलाई यंत्र यांच्या पायांखाली जुन्या घोंगडीचा तुकडा लावावा. जड सामान ओढत नेऊ नये, उचलून न्यावे. रबराच्या चटया दीर्घकाळ एकाच जागी ठेवल्यास डाग उमटतात.
* धान्य : माळ्यावर ठेवलेली पोती थेट फळीवर न ठेवता खाली पट्ट्या घालाव्यात, म्हणजे हवा खेळते. धान्य पूर्ण वाळल्यावरच वर चढवावे.

डाग

सांडलेल्या तेलावर लगेच खडूची पूड पसरून ती काही तासांनी झाडून काढावी. मेणबत्तीचे मेण गोठल्यावर बोथट पट्टीने सोडवावे. खिळ्यांभोवती दिसणारे काळे डाग लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने होतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते फिके होतात. मात्र हे द्रव्य विषारी असल्याने हातमोजे वापरावेत, मुलांना दूर ठेवावे आणि जागा नंतर नीट पुसून घ्यावी. ओल येण्याचे कारण दूर न केल्यास डाग पुन्हा उमटतो.

तेल व पॉलिश

उघड्या फळ्यांना जवसाचे (अळशीचे) तेल देण्याची पद्धत जुनी आहे. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. खोबरेल, शेंगतेल किंवा मोहरीचे तेल अशा रीतीने पुरेसे सुकत नाही. ते चिकट राहते व धूळ धरून ठेवते. तेल कोरड्या हवेत, स्वच्छ लाकडावर, पातळ हाताने द्यावे आणि न शोषलेले तेल अर्ध्या तासात पुसून काढावे. जाड थर दिल्यास तो महिनोन्महिने ओशट राहतो.

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

काजूच्या टरफलांचे तेल कोकणात आणि काजू पिकणाऱ्या भागांत वाळवीपासून संरक्षण म्हणून लाकडास लावतात. ते दाहक असून कातडीवर फोड आणते. म्हणून राहत्या खोलीच्या जमिनीवर ते लावू नये. भिंतीत जाणाऱ्या कड्यांच्या टोकांसारख्या झाकल्या जाणाऱ्या भागांपुरते त्याचा उपयोग करावा. लाखेचे (चपड्याचे) पॉलिश दिसण्यास सुंदर असते, पण पाण्याने त्यावर पांढरे वलय पडते. वर्दळीच्या जमिनीस पॉलियुरेथेनचा लेप अधिक टिकतो. मात्र तो एका जागी झिजल्यास फक्त तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त करणे कठीण असते. तेल दिलेल्या जमिनीची दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

कीड

*वाळवी* जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर चढते. नळ्या पुसून टाकणे हा उपाय नव्हे. वारूळ जमिनीत तसेच राहते. नळ्यांचा माग काढून जोत्याभोवती प्रशिक्षित व्यक्तीकडून औषध घालून घ्यावे. लाकडावर रॉकेल शिंपडण्याची सवय आगीच्या दृष्टीने धोक्याची आहे. *भुंगा* किंवा घुण असल्यास लाकडावर टाचणीएवढी भोके व खाली पिठासारखी भुकटी दिसते. ही कीड मुख्यतः रसकाष्ठ खाते. कोरड्या, तेल किंवा पॉलिश न दिलेल्या लाकडास टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण देणे उपयुक्त ठरते. ते पाण्याने धुऊन जात असल्याने गळती असलेल्या जागी टिकत नाही.

वार्षिक तपासणी

लाकडी जमीन बहुतेक वेळा मध्यभागी बिघडत नाही. ती कडेला, म्हणजे कड्यांची टोके मातीच्या भिंतीत शिरतात तेथे बिघडते. ही टोके दिसत नाहीत आणि भिंतीतील ओल तेथेच साठते. मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओलीला बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि कुजण्याचा वेग वाढतो. दरवर्षी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या वेळी, पावसाळ्याचे परिणाम ताजे असताना, पुढील गोष्टी पाहाव्यात :

* भिंतीलगत चालताना जमीन दबते किंवा हलते काय.
* कडीवर ठोकल्यास टणक आवाज येतो की पोकळ.
* भिंतीजवळच्या कडीत दाभण सहज शिरते काय. शिरल्यास आतील लाकूड कुजले आहे.
* कडीचा मध्य पूर्वीपेक्षा खाली आला आहे काय.

शंका आल्यास प्रथम वरचे सामान उतरवावे, कडीखाली धीरा द्यावा आणि मगच सुतारास दाखवावे. केवळ फळ्या करकरतात म्हणून भिण्याचे कारण नसते. सैल खिळे आवळल्याने किंवा सांध्यात शंखजिऱ्याची भुकटी घातल्याने हा आवाज बहुधा कमी होतो.

फरसबंदीचा भार

झाडलोट सोपी व्हावी म्हणून जुन्या तक्तपोशीवर सिमेंटचा कोबा किंवा फरशी घालण्याचा प्रकार आढळतो. पाच सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो भरते. १० फूट × १२ फूट आकाराच्या खोलीत हा भार सव्वा टनाहून अधिक होतो, आणि तो कायमचा असतो. शिवाय कोब्याखालील लाकूड दिसेनासे होते व ओल अडकते. जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यावाचून असे काम करू नये.

आग

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळले. लाकूड बहुल असलेल्या वास्तूंमध्ये आग किती वेगाने पसरते, याची ही उदाहरणे आहेत. घरगुती पातळीवर जुनी वीजवाहिनी बदलणे, फळ्यांमधून उघड्या तारा न नेणे, माळ्यावर समई किंवा निरांजन थेट फळीवर न ठेवता पितळी ताटात ठेवणे आणि चुलीच्या वरील भागात सरपण न साठविणे ही काळजी घ्यावी.

आधुनिक लाकडी जमिनी

शहरांतील सदनिकांत आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या घरांत तीन प्रकार आढळतात. भरीव लाकडाची जमीन अनेकदा घासून नवी करता येते. प्लायवुडवर अस्सल लाकडाचा पातळ थर चिकटविलेली जमीन थराच्या जाडीनुसार मोजक्या वेळाच घासता येते. लॅमिनेटच्या जमिनीवर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. ती घासता येत नाही आणि सांध्यातून पाणी शिरल्यास तिच्या कडा कायमच्या फुगतात. थंड प्रदेशांत घर तापविल्यामुळे हवा कोरडी होऊन हिवाळ्यात फटी पडतात. म्हणजे कोल्हापुरात जे उन्हाळ्यात घडते, ते तेथे हिवाळ्यात घडते. पिळलेले फडके आणि मऊ झाडणी हा नियम तिन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे.

हे सुद्धा पहा

* वाडा
* साग
* वाळवी
* कौल
* भुदरगड तालुका