सेकंदाची चूक किती महागात पडते?
संगणकाचं घड्याळ क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची कंपनं मोजतं. बहुधा सेकंदाला 32,768. तापमान बदललं की त्यांत किंचित फरक पडतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनिट. एवढ्यानं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. पत्र टाइप करणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. पण लॉगिनसाठी अ‍ॅप दाखवतं तो सहा अंकी कोड वेळेवरूनच तयार होतो आणि बहुधा 30 सेकंदांनी बदलतो. घड्याळ चुकलं की तो नाकारला जातो. सायबर हल्ल्यानंतर सर्व्हरच्या नोंदी जुळवताना तर आधी काय घडलं हेच कळेनासं होतं. म्हणून सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 2022 मध्ये घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या (एनपीएल) वेळेशी जुळवायला सांगितलं, ते योग्यच झालं.

मग रोज हातानं वेळ लावली तर? तेवढ्यानं भागत नाही. घड्याळ एकदम मागं घेतलं की तोच क्षण नोंदींत दोनदा येतो. डेव्हिड मिल्स यांची 1985 मधली एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) पद्धत नेटवर्कवरच्या सर्व्हरला वेळ विचारते, संदेशाच्या जाण्या-येण्याचा वेळ हिशेबात धरते आणि लहानसा फरक घड्याळाची गती जराशी कमी-जास्त करून मिटवते. वेळ देणारा एखादा सर्व्हरच चुकीची वेळ सांगत असला तर तो ओळखता यावा, यासाठी किमान चार सर्व्हर नेमावेत.