अँथुरियमच्या ६० कुंड्या आणि आईच्या भिशीचे पैसे: मेलेल्या झाडाचा हिशोब कोण धरणार?

नर्सरी किंवा कुंड्यांचं दुकान टाकायचं मनात असेल तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. यात माझे स्वतःचे पैसे बुडालेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात तेव्हा फक्त कुंड्या, खतं आणि बियाणं होतं. मार्च महिन्यात पुण्याकडच्या एका नर्सरीत गेलो आणि लालभडक अँथुरियम बघून डोळेच दिपले. आईच्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते, ते मागून घेतले. १८० रुपयांप्रमाणे ६० कुंड्यांचे १०,८०० आणि टेम्पोचे १,५०० असे एकूण १२,३०० रुपये गेले. ३५० ला एक विकली की २१,००० येणार, म्हणजे ८,७०० सुटणार. बीबीए झालेला माणूस मी, कागदावरचा हिशोब एकदम चोख!

पाच आठवड्यांत ३४ कुंड्या गेल्या आणि २० विकल्या. त्यातली पाच गिऱ्हाईकं वाळलेलं झाड घेऊन परत आली. एक काकू म्हणाल्या, "बाळा, हे झाड हाय का बुके? आठ दिवसांत वाळलं बघ." त्या पाचही जणांचे पैसे परत दिले. हातात ५,२५० रुपये आले, म्हणजे ७,०५० चा तोटा. आई काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्याचा भिशीचा हप्ता मात्र मीच भरला.

झाडं का मेली?

अँथुरियम मूळचं कोलंबिया-इक्वेडोरकडच्या दमट जंगलातलं. त्याला झाडांची सावली, सतत ओलसर हवा आणि साधारण १८ ते ३० अंश तापमान लागतं. आपलं कोल्हापूर त्याला अर्धंच मानवतं. पावसाळ्यात हवा झकास, पण मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरडी आणि तापलेली. पॉलिहाऊसमध्ये फॉगरखाली वाढलेली झाडं मी थेट पत्र्याच्या शेडखाली आणून ठेवली. पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग दिवसातून दोनदा पाणी घातलं, तेही बोअरचं क्षारयुक्त. या झाडाच्या जाड मुळांना हवा लागते. ती कुजली आणि खेळ संपला.

आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कोंडिग्रेला हरितगृहांत गुलाब, जरबेरा पिकतात. तिथे मोठी गुंतवणूक करून झाडाला हवं तसं हवामान तयार करतात. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला ते परवडत नाही. आपल्या हातात आहे ते योग्य महिना निवडणं.

दुसऱ्यांदा काय केलं?

जुलैमध्ये फक्त २० कुंड्या आणल्या, आणि पुढची कामं केली:

१. आणल्या आणल्या विकल्या नाहीत. २१ दिवस ७५ टक्क्यांच्या शेडनेटखाली, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी ठेवल्या.

२. माती बदलली. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे बारीक तुकडे घातले. पाणी थांबत नाही, ओलावा मात्र राहतो.

३. पाणी बोट घालून ठरवलं. वरचा थर सुकला तरच पाणी, तेही साठवलेलं पावसाचं.

४. ओलावा मोजला. हवेतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर टांगलं. आकडा ६० च्या खाली गेला की खाली फरशीवर पाणी मारायचं.

आता खरा हिशोब

कुंड्यांचे ३,६००, वाहतूक ५०० (दोघांत गाडी केली), शेडनेट आणि सोडणाचे तुकडे ९००. एकूण ५,००० रुपये. २१ दिवसांत तीन झाडं गेली, १७ राहिली. आता ५,००० ला २० ने नाही, १७ ने भागा. एका जिवंत झाडाची किंमत २९४ रुपये पडली. ३५० ला विकलं असतं तर ५६ रुपये सुटले असते. त्यात दुकानभाडं तरी निघतं का?

म्हणून भाव ४५० लावला. सोबत एक छापील कार्ड दिलं: खिडकीजवळ ठेवा, थेट ऊन नको, थंडीत पाणी कमी करा, आणि लहान मुलं व मांजर-कुत्रं पान चावणार नाहीत याची काळजी घ्या, कारण त्याने तोंडाची आग होते. वर शब्द दिला: "१५ दिवसांत गेलं तर बदलून देतो." एकच झाड बदलावं लागलं. १६ झाडांचे ७,२०० आले, २,२०० सुटले. रक्कम लहान आहे, पण त्या काकू परत आल्या आणि यावेळी दोन घेऊन गेल्या.

तुमच्यासाठी काम

तुमचा माल झाडं असो, केक असो की भाजी, वहीत एक रकाना वाढवा: "वाया गेलेलं". एकूण खर्चाला विकण्यालायक उरलेल्या नगांनी भागा आणि मगच भाव ठरवा. पहिली खेप २० च्या वर नको. मोठं हरितगृह टाकायचा विचार असेल तर कर्ज काढण्याआधी तळेगाव दाभाडे इथल्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा.

आणि हो, मार्चमध्ये कुणी कितीही स्वस्त अँथुरियम देऊ दे, हात जोडा आणि म्हणा, "जुलैत येतो!"