पडदा काळवंडतो तेव्हा

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाची मोठी वसाहत आहे. एके काळी तळ्यांच्या आणि भातशेतीच्या या गावाला २००७ साली शहरी लोहमार्ग येऊन मिळाला. उत्तरेस आयआयटी मद्रासचे झाडीने गजबजलेले आवार, पूर्वेकडे तरमणीतील संगणक-व्यवसायाच्या इमारती आणि पश्चिमेस काही मैलांवर मीनंबाक्कमचा विमानतळ, अशा ठिकाणी वेलचेरी वसलेली असल्यामुळे येथील पुष्कळ घरांची उपजीविका संगणकाच्या पडद्यावर अवलंबून आहे. तंजावरच्या मराठी राज्यापासून तमिळ देशी रुजलेली घराणी आणि अलीकडे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आलेली कुटुंबे अशी दोन्ही तऱ्हेची मराठी माणसे चेन्नईत आहेत. त्यांच्या घरी संगणक हा आता कारखान्याच्या यंत्रापेक्षा घरच्या कपाटाशी अधिक सदृश झाला आहे. मुलांची छायाचित्रे, घराच्या कराराच्या प्रती, आजोबांच्या औषधांचे कागद, सारे त्यातच.

आता वाचकहो, अशी कल्पना करा की, आपण वेलचेरीतील एका सदनिकेत राहात आहात. रात्री संगणकाने सूचना दिली की, नवे अपडेट आले आहे. आपण होकार दिला आणि झोपी गेलात. सकाळी उठून पाहता तो दिवा लागलेला आहे, पंखा फिरतो आहे, परंतु पडदा काळा ठिक्कर. (अद्ययावत करणे असा चांगला मराठी शब्द असला तरी घरोघर 'अपडेट' हाच शब्द चालतो, म्हणून येथेही तोच ठेवला आहे.) अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, यंत्र मेले आणि त्याबरोबर आतले सर्व काही गेले. हा विचार बहुधा चुकीचा असतो. धोका असतो तो त्यानंतर घाईघाईने केलेल्या उपायांत.

पडद्यावर चित्र कसे उमटते हे थोडे समजून घेतले, तर पुढचे सारे सोपे जाते. सर्वसाधारण पडद्यावर आडव्या रांगेत १,९२० आणि उभ्या रांगेत १,०८० असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन अंशांनी ठरतो आणि संपूर्ण चित्र सेकंदाला साधारणतः ६० वेळा नव्याने पाठविले जाते. म्हणजे स्थिर दिसणाऱ्या एका पत्राच्या पानासाठीही दर सेकंदाला ३७ कोटींहून अधिक बाइट पडद्याकडे वाहात असतात. हा ओघ ग्राफिक्स चिप निर्माण करते. विंडोजसारखी मुख्य प्रणाली आणि ही चिप यांना एकमेकींची भाषा येत नाही. त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा एक कार्यक्रम असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. अपडेटच्या वेळी कधी मुख्य प्रणाली बदलते, कधी दुभाषी बदलतो, तर कधी दोघेही. नव्या दुभाष्याला आपल्या घरची जुनी चिप नीट कळली नाही की, चित्र थांबते. साठवणीची चकती मात्र या व्यवहारात कोठेच नसते; आपली छायाचित्रे होती तेथेच, जशीच्या तशी असतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, दोष अपडेटचा आहे की तारेचा? याची एक साधी परीक्षा आहे. संगणक सुरू होताना अगदी आरंभी पडद्यावर त्याच्या निर्मात्याचे नाव किंवा चिन्ह झळकते. हे चिन्ह विंडोज जागी होण्यापूर्वीचे असते. नव्या ड्रायव्हरचा त्याच्याशी संबंध नसतो. चिन्ह दिसले आणि त्यानंतर काळोख झाला, तर पडदा, तार आणि चिप ही तिन्ही बहुधा शाबूत आहेत आणि संशय अपडेटवर घ्यावयास जागा आहे. चिन्हच दिसले नाही, तर आधी तार काढून पुन्हा घट्ट बसवावी, शक्य तर बदलून पाहावी. समुद्राकाठच्या दमट हवेत जोडाची धातूची टोके खराब होण्यास वेळ लागत नाही, आणि नेमक्या अपडेटच्या दिवशीच तार सैल झाल्याचे योगायोगही घडतात. लॅपटॉप असेल, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकस विजेरी धरावी. अंधुक अक्षरे दिसली, तर चित्र तयार होत आहे, मात्र त्यामागचा उजेड गेला आहे, असे समजावे. ही दुरुस्ती कारागिराची. तिचा सॉफ्टवेअरशी संबंध असेलच असे नाही. घरच्या दूरचित्रवाणी संचाला लॅपटॉप जोडून पाहणे हीदेखील चांगली कसोटी होय.

दोष अपडेटचाच असावा असे वाटले, तरी आधी थांबावे. काही अपडेट पूर्ण होण्यास तासभरही घेतात आणि त्या काळात पडदा मधूनमधून काळा राहतो. घाईने वीज तोडली, तर अर्धवट लिहिलेली प्रणाली खरोखरच बिघडू शकते. याच कारणास्तव ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, जेव्हा चेन्नईत वीज जाण्याचा संभव असतो, तेव्हा बॅटरी भरलेली नसताना अपडेटला होकार देऊ नये. डिसेंबर २०१५ च्या महापुरात वेलचेरीच्या रस्त्यांवर नावा चालल्या होत्या. तेथील रहिवाशांना विजेची शाश्वती किती, हे सांगावयास नको.

पुरेसा वेळ गेल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबाव्यात. ही ड्रायव्हरला पुन्हा उठविण्याची हाक आहे. 'टिक्' असा आवाज झाला, तर आतली प्रणाली जिवंत आहे आणि केवळ चित्र अडले आहे, हे कळते. पुष्कळदा एवढ्यानेच पडदा उजळतो. काही वेळा पडदा येतो, पण अक्षरे अवाढव्य आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. ड्रायव्हर नापास झाला म्हणून प्रणालीने आपला साधा, कामचलाऊ दुभाषी नेमला आहे, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' मध्ये आपल्या चिपच्या नावावर जावे आणि तेथील 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबावे. नव्याला रजा आणि जुन्याला परत बोलावणे, असे हे काम आहे. बटण फिकट दिसत असेल, तर जुनी प्रत शिल्लक नाही. मग निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरून योग्य ड्रायव्हर आणावा लागतो.

चिन्हानंतर काळोखच राहिला, तर उपाय थोडा धाडसाचा वाटतो. वीजकळ सुमारे दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा, पुन्हा सुरू करून चिन्ह दिसताच बंद करावा, असे दोन-तीन वेळा करावे. प्रणालीच्या ध्यानात येते की, आपण नीट जागे होत नाही, आणि ती दुरुस्तीचे पान पुढे करते. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे जात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडता येते. किंवा 'स्टार्टअप सेटिंग्ज' मधून पुन्हा सुरू करून ४ ही कळ दाबल्यास 'सेफ मोड' मिळतो, ज्यात केवळ अत्यावश्यक भाग चालू राहतात. येथे एक अडथळा येऊ शकतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांतील चकती कुलूपबंद असते आणि या दाराशी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती आजच शोधून एका वहीत उतरून ठेवावी आणि वही संगणकापासून दूर ठेवावी. विंडोजचा मोठा आवृत्तीबदल झाला असेल, तर जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय सामान्यतः दहा दिवसच राहते, हेही विसरू नये.

ही सर्व विद्या केवळ घरापुरती आहे असे समजू नका. १९ जुलै २०२४ रोजी तिची परीक्षा साऱ्या जगाने दिली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा-कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक लहानसे अपडेट सोडले. तिच्या कार्यक्रमाची अपेक्षा २१ मूल्यांची होती आणि हाती २० च दिली गेली. एकविसावे शोधताना कार्यक्रम आपल्या मर्यादेबाहेरच्या स्मृतीत शिरला आणि प्रणाली कोसळली. पडद्यावर निळे पान आले; यंत्र पुन्हा सुरू झाले की पुन्हा तेच पान. चूक ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक तिच्या तडाख्यात सापडले होते. जगातील विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमीच. तथापि ते विमानतळांचे, बँकांचे आणि रुग्णालयांचे संगणक होते. भारतात इंडिगो कंपनीने सुमारे दोनशे उड्डाणे रद्द केली आणि देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे मिळाली. वेलचेरीच्या शेजारचा विमानतळही यातून सुटला नाही.

या दुखण्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये शिरून एकच दोषी फाइल पुसणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे. बहुतेक यंत्रांपुढे माणसाला प्रत्यक्ष बसावे लागले, आणि ज्यांच्यापाशी ४८ अंकी किल्ली तयार नव्हती त्यांचा खोळंबा अधिक झाला. या उपायासाठी साठवण पुसावी लागत नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मग अपडेट घेऊच नये का? असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण मला ते पटत नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक छिद्र बुजविणारे अपडेट दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या संगणकांवर दोनच महिन्यांनी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने धाड घातली. सुमारे १५० देश त्यात सापडले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने जुने तेच बरे म्हणून बसणेही आता कठीण झाले आहे. अपडेट काही दिवस पुढे ढकलता येते, तेवढी सवलत जरूर घ्यावी. इतरांच्या यंत्रांवर काय गुदरते ते तोवर कळते.

या बाबतीत वेलचेरीच्या शेजारीच एक चांगला धडा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची चेन्नई शाखा तरमणीत आहे. 'बॉस' ही लिनक्सच्या डेबियन शाखेवर आधारलेली प्रणाली तिने तयार केली आणि २००७ साली लोकांच्या हाती दिली. मराठीसह अनेक भारतीय भाषा तीत वापरता येतात. लिनक्सच्या अशा प्रणालींत नवा गाभा आला, तरी जुना सहसा लगेच हाकलून देत नाहीत. पडदा काळा झाला, तर सुरू होतानाच्या यादीतून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून कालपर्यंत चालणारा गाभा निवडावा. काम पुन्हा चालू होते. नवी सून घरात येताच सासूबाईंच्या हातच्या किल्ल्या काढून घेऊ नयेत, हे शहाणपण येथे यंत्रालाही शिकविलेले दिसते.

एवढे करूनही यश आले नाही, तर जाणत्याकडे जावेच. चेन्नईत त्यासाठी चिंताद्रीपेटजवळची रिची स्ट्रीट प्रसिद्ध आहे. तेथील चिंचोळ्या दुकानांतून फार कुशल कारागीर आढळतात. परंतु संगणक हाती देण्यापूर्वी एक वाक्य स्पष्ट बोलावे: 'माझ्या परवानगीवाचून फॉरमॅट करू नका.' फॉरमॅट मारणे हा उपाय जलद आहे, खात्रीचा आहे आणि काही वेळा अपरिहार्यही आहे. पण साठवण दुसरीकडे उतरवून घेतल्याखेरीज तो केला, तर ज्या गोष्टींना अपडेटने हातही लावलेला नव्हता, त्याच नाहीशा होतात. चकती काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते, आणि कुलूप असेल तर त्याची किल्ली दिल्यावर छायाचित्रे सुखरूप बाहेर काढता येतात. हे काम करून देण्यास बहुतेक कारागीर तयार असतात. ते मागावे मात्र लागते.

आणखी एका भामटेगिरीपासून सावध राहावे. पडद्यावर घाबरविणारे पान आले आणि त्यावर 'या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा' असे लिहिले असेल, तर ते बनावट समजावे. प्रणालीचे खरे दोषपत्र दूरध्वनी क्रमांक देत नाही. जुलै २०२४ च्या गोंधळातही लबाडांनी दुरुस्तीच्या नावाखाली खोट्या फाइली पसरविल्या आणि भारताच्या सर्ट-इन या संस्थेला लोकांना सावध करावे लागले.

खऱ्या दोषपत्राचा रंग निळा, ही ओळख अनेक वर्षे लोकांच्या मनात पक्की बसली होती. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी हे पान काळे केले. तेव्हा यापुढे पडदा काळा दिसला, तर खोलीतला उजेड कमी करून तो जवळून पाहावा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी असल्या, तर त्यांतला सांकेतिक शब्द कागदावर टिपून घ्यावा किंवा भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र काढावे. हे पान पुष्कळदा काही सेकंदांतच नाहीसे होते, आणि कारागीर सर्वांत आधी विचारतो तो तोच शब्द.