दाब घटला, सूर बिघडला!

उन्हाळ्यातील संध्याकाळ. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत घरोघरी कूलर आणि एसी सुरू होतात. दिवाणखान्यात अभंगांची मैफल रंगात आलेली असते. तोच दिवे किंचित मंदावतात, तबल्याचा जोर ओसरतो आणि स्पीकरमधून खरखर उमटते. दोष दिला जातो अ‍ॅम्प्लिफायरला. कोणी दुरुस्तीला धावतो, कोणी स्टॅबिलायझर आणतो. मात्र अनेकदा बिघाड यंत्रात नसतोच. विजेचा दाब नेमका कोठे घटतो, हे शोधल्याशिवाय केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

वीज आहे, मग दाब का नाही?

देशाच्या वीजजाळ्यात सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही क्षमतेची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एका वारंवारितेने जोडले गेले. शहराजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्पही आहे. तरीही पेठेतील दिवा मंदावतो. कारण ५० हर्ट्झची वारंवारिता साऱ्या देशाची एकच असली, तरी घरातील दाब ठरतो तो गल्लीतील रोहित्र, खांबावरील तारा, मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि भिंतीतील वायरिंग यांवर.

प्रत्येक तारेला रोध असतो. प्रवाह जितका अधिक, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. मीटरपासून ३० मीटर अंतरावरील खोलीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली आणि तिच्यातून १० अँपिअर प्रवाह वाहिला, तर जाण्या-येण्याच्या ६० मीटरमध्ये सुमारे ७ व्होल्ट घटतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार असेल, तर ही घट साडेचार व्होल्टच्या आसपास राहते. सैल किंवा काळवंडलेला जोड त्याहून वाईट. तेथे दाब घटतो आणि उष्णताही निर्माण होते. आगीचे मूळ अनेकदा तेथेच असते.

संगीतावर परिणाम

भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी त्यात ६ टक्के कमी-अधिक फरक मान्य केला होता. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरला २०० व्होल्टच मिळाले, तर त्याची कमाल शक्ती सुमारे तीन चतुर्थांशावर येते. हळू आवाजात हे जाणवत नाही. आवाज वाढवताच मात्र ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि सूर कर्कश होतो. ही कर्कशता स्पीकरमधील नाजूक ट्विटरला घातक ठरू शकते. दाब फारच घटला, तर आतील रेग्युलेटर निष्प्रभ होऊन सतत घुमणारा आवाज येतो.

ज्या उपकरणांवर '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेले असते, त्यांना एवढ्या घटीने फरक पडत नाही. सिंक्रोनस मोटरचा रेकॉर्ड प्लेअरही दाबावर नव्हे, तर वारंवारितेवर चालतो. त्यामुळे दाब थोडा घटल्याने गाणे संथ होत नाही.

दोष कसा शोधावा?

प्लगमध्ये बसणारा डिजिटल व्होल्टमीटर यंत्राच्या सॉकेटशेजारी लावावा आणि सकाळी, संध्याकाळी व रात्री नोंद ठेवावी. गिझर किंवा इस्त्री सुरू करताच आकडा एकदम खाली आला, तर घरातील वायरिंग, जोड किंवा सर्व्हिस वायर यांकडे संशय वळतो. परवानाधारक वायरमनने त्याच वेळी मेन स्विचपाशी मोजमाप केले, की दोष मीटरच्या अलीकडे की पलीकडे, हे कळते. घरातील सारा भार बंद असूनही संध्याकाळी दाब कमीच राहिला, तर प्रश्न वाहिनीचा किंवा रोहित्राचा आहे. अशा वेळी नोंदींसह महावितरणकडे तक्रार करावी. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

एक लक्षण मात्र गंभीर मानावे. काही दिवे मंदावले आणि त्याच वेळी दुसरे दिवे वा शेजारच्या घरातील दिवे प्रखर झाले, तर न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असू शकतो. अशा स्थितीत काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि क्षणात उपकरणे जळतात. तेव्हा मेन स्विच बंद करून तातडीने कळवावे.

स्टॅबिलायझर सर्वांत शेवटी

वाहिनीतील घट दूर होईपर्यंत स्टॅबिलायझरचा आधार घेता येतो. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो. त्या प्रत्येक बदलाची टकटक कधी कधी स्पीकरमध्ये ऐकू येते. सर्व्हो पद्धतीचा स्टॅबिलायझर हा बदल सलग करतो. दोन्हींत अतिदाब होताच पुरवठा तोडण्याची सोय असावी. वीज गेल्यावर यंत्राचे बटण बंद करावे आणि पुरवठा स्थिर झाल्यावर, काही मिनिटांनीच सुरू करावे. सैल जोड मात्र कोणताही स्टॅबिलायझर घट्ट करीत नाही. उलट कमी दाबात तो वाहिनीतून अधिक प्रवाह ओढतो आणि तोच जोड आणखी तापतो. म्हणूनच आधी वायरमन, मग दुकान, हाच क्रम सुराच्या आणि घराच्याही हिताचा.