मुलाची वाढ आणि घराचे सुख

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, अशा चार दिवसांत झालेल्या पेरणीची सर मागाहून केलेल्या पेरणीला येत नाही. उशिरा पेरले तर काहीच उगवत नाही असे नव्हे. पण कष्ट जास्त आणि उतारा कमी. लहान मुलाच्या वाढीचेही तसेच आहे. वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. शिकण्याचा वाफसा तोच. ज्या बाळाची वाढ मागे पडते आहे, त्याला याच वयात व्यायाम, बोलण्याचे शिक्षण, श्रवणयंत्र वा औषध मिळावे, यालाच डॉक्टर मंडळी ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात.

परंतु आज आम्हांला केवळ बाळाविषयी लिहावयाचे नाही. ज्या घरात असे बाळ आहे, त्या घराविषयी लिहावयाचे आहे.

आधी ओळखावे

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर बाळाला तपासून घ्यावे :

१) चार महिने झाले तरी मान धरत नाही.
२) नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
३) दीड वर्ष झाले तरी चालत नाही.
४) मोठ्या आवाजाने दचकत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही.
५) दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही.
६) अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटते, दूध पाजताना नेहमी ठसका लागतो.
७) आधी येत असलेली गोष्ट विसरते. हे कोणत्याही वयात दिसले तरी थांबू नये.

“याचा बापही उशिराच बोलला होता” असे म्हणून घरोघरी वाट पाहिली जाते. वाट पाहण्यात वर्ष जाते. ऐकण्याचा दोष तर पहिल्या महिन्यात तपासून, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान करून, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा असा आता नियम मानला जातो. काही मुले तपासणीत अगदी ठीक निघतात. निघाली तर आनंदच आहे. एका दिवसाची खोटी झाली एवढेच.

तपासणी फुकट होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही योजना आहे. ज्या मुलांत दोष आढळतो त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. पथक कधी येणार हे अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशाताईंना विचारावे, आणि त्या दिवशी भांगलण असली तरी मूल न्यावे.

घराचे मोजमाप

आता खरा प्रश्न. मूल केंद्रात जाऊ लागले, व्यायाम सुरू झाले, आणि मूल बसूही लागले. पण दर आठवड्याला आईचा एक दिवस एस.टी.त जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते, थोरल्या मुलीची शाळा चुकते, दुभत्या म्हशीकडे कोणी पाहत नाही. घरात बोलणे कमी होते. सहा महिन्यांनी सुगी येते आणि केंद्राची वाट बंद होते. मग दोष कोणाचा? आईचा मुळीच नव्हे. एका खांद्यावर दोन माणसांचे जू ठेवले, म्हणून ती बसली.

हे ओळखूनच अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या बीच सेंटरने कुटुंबाच्या जीवनमानाची एक मोजपट्टी तयार केली. तीत २५ प्रश्न असून त्यांचे पाच भाग आहेत : घरातल्या माणसांचे परस्परांशी नाते, मुलांचे संगोपन, मनाचे स्वास्थ्य, शरीरस्वास्थ्य व पैसाअडका, आणि मुलाच्या अपंगत्वासाठी मिळणारा आधार. मुलाने किती पावले टाकली एवढेच पाहून भागत नाही; घर हसते का, आईला झोप मिळते का, इतर भावंडांना वेळ मिळतो का, हेही पाहावे लागते. कारण उपचार वर्षानुवर्षे चालवायचा तो घरानेच.

शिक्षिका घरी येते

अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. दूधदुभत्याचा तो मुलूख. तेथे १९६९ साली असा विचार झाला की दूरदूरच्या वस्त्यांवरची मुले रोज केंद्रात आणणे अवघड, तेव्हा शिक्षिकेनेच आठवड्यातून एकदा घरी जावे. तिने आईबापांना एक लहानशी गोष्ट शिकवावी, आठवडाभरात मुलाला जमेल एवढीच. पुढच्या भेटीत ती जमली का पाहावे आणि मग दुसरी द्यावी. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली, आपल्या देशातही आली.

यातले सार आपल्याला घेता येईल. केंद्रात गेल्यावर निःसंकोच सांगावे, “बाई, आम्ही शेतकरी आहोत, रोज येणे होणार नाही. घरी करता येईल असे दाखवा, आणि एका वेळी एकच दाखवा.” जमल्यास बापानेही एकदा सोबत जाऊन पाहून यावे.

रोजच्या कामातच व्यायाम

व्यायामासाठी वेगळा तास काढावा लागतो असे नाही. अंघोळीच्या वेळी हातपाय चोळताना अवयवांची नावे घ्यावीत. ताठ अंगाच्या मुलाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घ्यावे. त्याने पाय सैल होण्यास मदत होते. घास भरवताना कधीही आडवे ठेवू नये, बसते करून भरवावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून बसविले तर तोल सांभाळणे शिकता येते. चालण्याच्या सरावाला अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले की काम होते. मात्र यातले काय आपल्या मुलाला लागू आहे, हे केंद्रातील जाणकारांना दाखवून घ्यावे.

भाषेविषयीही एक शंका नेहमी विचारली जाते. आमच्या भागात घरी मराठी किंवा कोंकणी, बाहेर कन्नड. दोन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही. आईने आपल्याच भाषेत मुलाशी भरपूर बोलावे.

पैसा आणि फसवणूक

“महिन्यात पूर्ण बरे करतो” असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. अशा आशेपायी जमिनीचा तुकडा विकला जातो. मूल आहे तिथेच राहते, आणि भावंडांच्या तोंडचा घास जातो. शीघ्र हस्तक्षेपाने प्रत्येक मूल इतरांसारखे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण हाताने जेवणे, शौचाला जायचे आहे हे सांगता येणे, चार पावले टाकणे, हे ज्या घरात साधते त्या घराचा दिवस बदलतो.

हक्काची मदत मात्र सोडू नये. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. ४० टक्के वा अधिक असल्याचा दाखला मिळाला की सवलतींची वाट मोकळी होते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविध अपंगत्व यांसाठी ‘निरामय’ ही विमा योजना असून तीत १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळू शकतो. अर्ज भरता येत नसेल तर गावातील शिकलेल्या तरुणांनी तो भरून द्यावा.

शेजाऱ्यांचे काम

शेवटी धर्मग्रामातील सर्वांना दोन शब्द. ग्रहणात आईने विळा धरला, कोणाची दृष्ट लागली, कोणाचे पाप भोवले, असले बोलणे आपल्या तोंडून येऊ नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला होता, आणि प्रभूने त्या माणसावरचा व त्याच्या आईबापांवरचा आरोप साफ काढून टाकला होता. आजही दोष लावून कोणाचे मूल उभे राहत नाही.

त्यापेक्षा केंद्राच्या दिवशी शेजारणीने त्यांची म्हैस पिळावी. लागणीच्या दिवसांत एक पाळी त्यांच्या शेतात द्यावी, पैरा समजून. सासूने सुनेला दुपारी तासभर पडू द्यावे. लग्नाकार्याला बोलावताना “मुलालाही आणा” असे आवर्जून म्हणावे. यात खर्च काहीच नाही. पण त्या मोजपट्टीवरचे कितीतरी प्रश्न डॉक्टरांच्या नव्हे, शेजाऱ्यांच्याच हातात आहेत.