नोंदी कोणाच्या हातात?

माहितीचा प्रकल्प रखडला की आपण सर्व्हरला दोष देतो. खरी गाठ बहुधा टेबलापलीकडच्या माणसाशी असते.

कर्नाटकची ‘भूमी’ योजना घ्या. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे 2 कोटी जमीन-उतारे संगणकावर आणायचे होते. तोवर हे दप्तर ग्राम लेखापालाच्या, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याच्या ताब्यात असे. तो गावात सापडला तर उतारा. हात ओले केले तर जरा लवकर. गंमत अशी, की संगणकात भरलेली माहिती कागदावर छापून मूळ वहीशी ताडून पाहायची, तर ते काम त्याच्यावाचून होणार कसे? ज्याची सद्दी संपणार, त्याचीच सही हवी!

महसूल अधिकारी राजीव चावला यांनी म्हणूनच प्रणालीइतकाच वेळ माणसांना दिला. अधिकाऱ्यांच्या कार्यशाळा घेतल्या, उतारे देणाऱ्या तालुक्याच्या केंद्रांवर नव्या दमाची मुले बसवली. वरून राजकीय पाठबळ होते. हस्तलिखित उतारा कायद्याने बाद झाला, परतीचा दोर कापला गेला. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानेच निघतील, अशी प्रणालीची रचना होती. आणि कर्मचाऱ्याने बोटाचा ठसा दिल्याशिवाय ती उघडत नसे. 15 रुपयांत उतारा मिळू लागला.

मात्र गावातली सत्ता विरघळली नाही, ती तालुक्याला सरकली. दलालही मागोमाग तिकडे गेले, असे टीकाकार म्हणतात. मला ते पटते.